एकास बहात्तर

परभणीत, स्टेशन रोडला, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर
मी कवळ्या करतो.
दिवसा दात, रात्री विमानं.
हत्यारं तीच: मेणाची सुरी, बारीक ड्रिल, प्युमिसची पूड,
आणि फटी बुजवायला हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक,
रंगाखाली कुणाला दिसतंय.

पहिलं केलं ते जर्मन होतं, गावाच्या म्हणीला जागून.
जगात जर्मनी... लोक हसले, मीही हसलो,
आता ते कपाटावर धूळ खातंय.

हे नॅट. म्हणजे चिलट.
पासष्टच्या लढाईतलं, एकास बहात्तर,
जेमतेम अर्ध्या वितीचं.

मे महिना. गोंदाची तार निघते,
पंखा लावला तर रंगात धूळ, बंद केला तर रंगात घाम.
तीन रात्री घातल्या पाठीवरच्या हिरव्यावर,
एअरब्रशनं, झोपलेल्या लेकरावर फुंकर घालावी तसा,
कुठं काठ नाही, कुठं थेंब नाही.
चक्रं पाण्यात सोडली, कागदावरून सुटेपर्यंत श्वास धरला,
चिमट्यानं पंखांवर आणून निजवली.

चाँदपाशा आले ते वरच्या कवळीच्या मापाला.
डॉक्टर गावाला गेलेले, माप मीच घेतलं.
ऐंशीला टेकलेले. जिंतूर रोडला त्यांचं पंक्चरचं दुकान
एवढंच मला माहीत.
तोंडात मापाचा लगदा, बोलता येईना,
बोटानंच म्हणाले: ते द्या इकडं.

घेतलं, आणि आधी उलटं केलं.
लगदा घट्ट होईपर्यंत पोटच बघत राहिले.
मग चूळ भरली, मिशा पुसल्या.
"लईच साफ हाय हो हे.
हितून तेल गळायचं. हितून. आन् हितं तर सदाच.
फिटर होतो मी. ह्याच्याखाली उताणा पडून दोन वर्षं काढली,
तोंडावर ठिबकायचं."
मी विचारलं, वरचा रंग तरी बरोबर आहे का?
"वरून म्या कधी बघितलंच कुठं?
वरून बघणारे येगळे."

जिना उतरता उतरता थांबले.
"पर हिरवा असा नव्हता बगा.
चांदीसारखं विमान, म्हणले सकाळपस्तोर झाकून टाका.
चार इंची ब्रश, कंदिलाला फडकं,
माय भिंत सारवती तसं सारवलं.
वळ तसेच राहिले.
तसंच उडालं."

चार इंचांना बहात्तरनं भागलं.
तिळाहून अरुंद.
मग त्यांनाच भागलं, उभ्यानं, साडेपाच फुटांना:
माझ्या अंगठ्याच्या पेरातही भरले नाहीत.

त्या रात्री एअरब्रश धुऊन ठेवून दिला.
सगळ्यात बारीक ब्रशचे केस कापत कापत तीनावर आणले
आणि तो गुळगुळीत हिरवा
पुन्हा सारवायला घेतला,
जसा अंधारात कुणी विशीतला पोरगा मारील,
ज्याचा हात शेपटीच्या टोकाला पुरत नाही.
दोनला लाइट गेली. मेणबत्ती पेटवली,
तिच्यापुढं वहीचा पुठ्ठा उभा केला.
कुणापासून लपवत होतो, कळलं नाही.
तिचीच काजळी टर्पेंटाइनमध्ये कालवली
आणि पोटावर तीन ओघळ ओढले:
इथून. इथून. आणि इथं तर सदाच.

गुरुवारी कवळी बसवली.
आकडे म्हणा, मी म्हटलं, साठपासून.
साठ म्हणताच बारीक शीळ निघाली.
होतं असं नव्या कवळीला,
पुढच्या दातांमागं जरासं घासलं की जातं.
मी ड्रिल उचललं.
त्यांनी माझं मनगट धरलं.
एकसष्ट, बासष्ट, शीळ चढत गेली,
त्रेसष्ट, चौसष्ट,
डोळे मिटलेले, मान एका कानावर कललेली,
खालून इंजिन ऐकणाऱ्या माणसासारखी,
पासष्ट.

"असू द्या," म्हणाले, "सुरू झालंय."